पुराव्याची बाटली

नदीकाठच्या मत्स्य केंद्रात त्यांना सगळे बाटलीकाका म्हणत. नदीतला मासा ओळखावा तर काकांनीच. नुसता खवला दाखवला तरी ते नावासकट वय सांगत. घरी मात्र त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या औषधाच्या वासाने बायको नाक मुरडायची. "जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माशांत जास्त रमतात," असं लेकीला सांगायची.

केंद्राचा एक नियम होता. वरच्या डोहात तांबडशेपटी हा दुर्मीळ मासा आहे, हे दरवर्षी सिद्ध झालं तरच तो डोह राखीव राहायचा. मग तिथे ना मच्छीमारांची जाळी, ना वाळू उपसणारी यंत्रं. आणि सिद्ध करायचं म्हणजे मासा बाटलीत हवा. फोटो चालत नसे, कारण मागे कुणीतरी भलत्याच नदीतल्या माशाचा फोटो पाठवून केंद्राच्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

त्यामुळे बावीस वर्षं काका दर उन्हाळ्यात एक तांबडशेपटी धरून औषधात बुडवत आले होते. डोहात तेव्हा मासे उदंड. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. आता कपाटातल्या बाटल्या ओळीने पाहिल्या की मासा वर्षागणिक आखूड होत गेलेला दिसायचा, म्हणून ते त्या कपाटाकडे बघायचंच टाळत.

यंदा नऊ दिवस जाळं रिकामं आलं. दहाव्या दिवशी एकच सापडली, पोट टच्च फुगलेली. काकांनी ती बादलीतल्या पाण्यात सोडली आणि तिच्याकडे बघत बसले.

"काका, गाभोळी आहे तिच्यात," त्यांचा नेहमीचा नावाडी म्हणाला. "सोडून द्या."

"सोडली तर डोह जातो. महिन्याभरात यंत्रं उतरतील."

"आणि नेली तर?"

"उगाच डोकं खाऊ नकोस!" काका खेकसले. इतक्या वर्षांत ते त्याच्यावर कधी खेकसले नव्हते.

एकटीच्या अंड्यांना नर कुठून मिळणार, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण नर उरला नाही हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? शेवटी त्यांनी तिला नेलं.

केंद्रात नियमाप्रमाणे लांबी मोजली, पोट चिरलं. पिवळी, पिकलेली अंडी बशीत आली. दोनच दिवसांत तिने ती नदीत घातली असती.

केंद्राच्या प्रमुख मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि कागदावर सही ठोकली. "शाबास काका! वाचवलात डोह. पुढच्या वर्षी मात्र एवढं ताणू नका, जरा लवकर आणा."

काकांनी मान हलवली. बशी अजून त्यांच्या हातातच होती. अंड्यांसाठी नियमात बाटली नव्हती. मॅडम गेल्यावर त्यांनी ती बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला, आणि जाळीत अडकलेली अंडी बोटाने खाली ढकलता ढकलता ते ढसाढसा रडले.