खाऱ्या वाळूची भिंत

आषाढातली उघडीप… आणि पाटावर पाट रचून, त्यावर टाचा उंचावून उभी असलेली माझी आई. वाशांच्या अगदी खाली, चिऱ्याच्या भिंतीत ओळीने सात भोकं होती आणि प्रत्येकात नारळाच्या काथ्याचं सोडण कोंबलेलं असे. पाऊस घटकाभर थांबला, समुद्राकडचं आभाळ जरासं पांढुरकं झालं, की आई हातातलं काम टाकून धावे आणि एकेक सोडण उपटून काढी. प्रत्येक भोकातून उजेडाची एक तिरीप खोलीत उतरे, तिच्यात चुलीचा धूर तरंगत राही, आणि पाठोपाठ वारा येई – खारट, ओलसरच, पण वाहता. घोंगड्यांचा, सुक्या बांगड्यांचा, भिजल्या मातीचा तो साचलेला कुबट वास मग हळूहळू जागचा हले. “भिंतीकय नाक लागता गो बाये,” आई म्हणे. त्या भोकांना आमच्या घरात नाकपुड्याच म्हणत. पावसाचा शिंतोडा आला की ती पुन्हा पाटावर चढे आणि सातही बंद करी.

मालवणच्या किनाऱ्यावर, लाटांचा आवाज माजघरात ऐकू येईल इतक्या जवळ आमचं घर होतं. पावसाळ्याचे चार महिने पाणी कौलांतून कमी आणि हवेतूनच जास्त घरात शिरे. आगपेटीतल्या काड्या मऊ पडत, वहाणांवर हिरवी लव धरे, वह्यांची पानं एकमेकांना चिकटून बसत. या सगळ्याशी आईचं उघड युद्ध होतं. पश्चिमेच्या भिंतीला ती विणलेल्या झावळ्यांची झड बांधून घेई. लुगडी चुलीवरच्या दोरीवर धुरात सुकत, आणि म्हणून आमच्या अंगाला बारमाही धुराचा वास असे. ट्रंकांत वेखंडाचे तुकडे, कपाटांत वाटीभर कळीचा चुना… शिंपल्या भाजून केलेले ते पांढरे खडे हवेतली ओल पीत राहत आणि आठ दिवसांत त्यांची भुकटी होई. मग नवे खडे. वाटी धरून आईच्या मागे फिरणं हे माझं काम होतं. मिठाचं मडकं दगडी डोणीत ठेवलेलं असे, त्यातून झिरपणारं खारं पाणी डोणीत साठे, आणि ते पाणी जमिनीला लागू नये म्हणून आई डोळ्यांत तेल घालून जपे. साऱ्या वाडीत म्हणत, हिच्या घरचे पापड श्रावणातही मोडताना वाजतात.

हे सगळं हौसेपोटी नव्हतं. आईला दमा होता. ओल म्हणजे तिच्या छातीवर बसायला टपलेली सवत होती, आणि सवतीला घरात किती जागा द्यायची हे आई रोज उठून ठरवत असे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन, पन्नासचं दशक सरत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बाबा मुंबईला गोदीत होते. मे महिन्यात यायचे, रजा मिळाली तर चतुर्थीला. घराचा कारभार त्यांचे थोरले भाऊ, आमचे आप्पाकाका, पाहत. उंच, गोरे, आवाज खणखणीत, पंचक्रोशीत भजनीबुवा म्हणून नाव… आणि स्वतःच्या नावावर मनापासून प्रेम. त्यांच्या होऊ घातलेल्या व्याह्यांनी एकदा आमच्या घरावरून नजर फिरवली आणि रस्त्याकडच्या भिंतीतल्या भोकांकडे पाहून विचारलं, “ह्यां काय, पारव्यांसाठी ठेवलास?” झालं! आप्पाकाकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परमिटावर मिळणारं सिमेंट त्यांनी कुठून कुठून खटपट करून आणलं. रस्त्याकडची खोली नेमकी आमची, म्हणजे आईची आणि माझी होती. ती आतून-बाहेरून सिमेंटने लिंपायची, खाली कोबा करायचा आणि भोकं कायमची बुजवायची, असं ठरलं.

बाबल गवंडी कामाला आला. वाळूचा ढीग बघून तो जागीच थांबला. मूठभर वाळू उचलून त्याने जिभेला लावली आणि थुंकला.

“आप्पानू, ही दर्याची रेंव,” तो म्हणाला. “ही घालू नकात. मीठ आसा हिच्यात. भिंत जल्मात सुकाची नाय. न्हंयची वाळू हाडूया.”

“न्हंय खंय, दर्यो खंय!” आप्पाकाका म्हणाले. “दारात रेंव आसताना गाडी कित्याक जोडू? तू तुझां काम कर.”

बाबलने आईकडे पाहिलं. आई दाराआड उभी होती. थोरल्या दिरासमोर ती कधी आली नाही, बोलली ती दाराच्या फटीतून. “नाकपुड्यो तेवढ्यो ठेवल्यास तर…” एवढंच तिने म्हटलं, आणि आप्पाकाकांनी ते ऐकलं नाही. ऐकू आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

भिंत देखणी झाली, हे कबूल करते. गुळगुळीत, राखाडी, शहरी. लोक रस्त्यात थांबून बघत. मिरग लागला आणि भिंतीला घाम फुटला. पहिल्यांदा कोपऱ्यात एक काळसर डाग आला, मग तो उशाशी उतरला, मग भिंतभर पसरला. पाऊस नसलेल्या दिवशीही भिंत पाझरे; हात लावला तर तळवा ओला, आणि तळवा चाटला तर खारट. कोब्यावर अंथरलेली गोधडी सकाळी पिळावी अशी होई. पूर्वी वारा आत येऊन निघून जायचा, आता त्याला ना यायला वाट होती ना जायला. आईने निखाऱ्यांची शेगडी आणून ठेवली, कोंडा जाळला, चुन्याच्या चार वाट्या मांडल्या… चुन्याची दोन दिवसांतच भुकटी होऊ लागली. श्रावण उजाडेतो तिची छाती भात्यासारखी वाजू लागली होती. ती बसून झोपे, उशी पोटाशी धरून, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत श्वास मोजत राही.

घरात एक खोली कोरडी होती. चुलीच्या भिंतीमागची, माजघराला लागून असलेली ऊबदार खोली. तिच्यात आप्पाकाकांचं कपाट होतं आणि कपाटात त्यांची पेटी – भजनाची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मखमलीच्या खोळीतली. एरवी ते देवळातली पेटी वाजवत; घरची ही पेटी फक्त चतुर्थीला बाहेर पडे. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच गेले आणि म्हटलं, “आप्पाकाका, आये त्या खोलीत निजांदे?”

ते सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, “आणि पेटी खंय ठेवू? तिका बुरशी येतली. तुझ्या आवशीच्या आंगातच ओल आसा. तिका खंय निजयलां तरी काय फरक?”

आज मी सत्तरी ओलांडली आहे. पुष्कळ माणसांचं पुष्कळ काही विसरले, माफ केलं, काहींचे तर उपकारही मानले. हे वाक्य मात्र मी ताजं ठेवलं आहे. आई जिवाचं रान करून घर कोरडं ठेवत होती, आणि त्या घराच्या मालकाने ओलीचं खापर तिच्याच अंगावर फोडलं होतं!

ओल कशाने जाते हे मला माहीत होतं, म्हणजे ओल कशाने येते हेही माहीत होतंच. दुसऱ्या दिवशी चुन्याची वाटी बदलायला मी एकटीच गेले. वाटीत खाली मिठाचे ओले खडे भरले आणि वर चुन्याची भुकटी भुरभुरवली. डोणीतल्या खाऱ्या पाण्यात एक फडकं बुडवलं, घडी केली आणि पेटी जरा उचलून तिच्या खाली सारलं. मिठाचं फडकं पावसाळ्यात कधी सुकत नाही. दर आठ दिवसांनी मी ते पुन्हा भिजवून ठेवी. शाळेत कविता पाठ करताना अडखळणारी मी, हे काम मात्र एकदाही चुकले नाही.

चतुर्थीला बाबांना रजा मिळाली नाही. पंचमीच्या सकाळी भजनाला घर माणसांनी भरलं. व्याही खास पाहुणे म्हणून पुढे बसले होते. आप्पाकाकांनी खोळ काढली, आणि कुबट वासाने पहिल्या रांगेतल्या माणसांनी नाकं मुरडली. पेटीच्या भात्यावर हिरवी-पांढरी बुरशी पसरली होती. त्यांनी भाता दाबला. पेटीतून सूर आला नाही. आली ती एक लांब, खोल, घरघरती धाप. दोन पट्ट्या खाली बसल्या त्या वर आल्याच नाहीत, तिसरी सोडली तरी वाजतच राहिली.

“आप्पानू,” मागून कुणीतरी म्हणालं, “पेटीक दमो लागलो काय?”

घर हसलं. व्याहीसुद्धा हसले. आप्पाकाकांच्या गोऱ्या कानांच्या पाळ्या लालबुंद झालेल्या मी खांबाआडून पाहिल्या, आणि खरं सांगते, त्या सकाळी खाल्लेल्या मोदकांपेक्षा ते मला गोड लागलं. अजून लागतं.

“चुनो कोण बदली होता?” त्यांनी आवाज चढवला.

मी पुढे होणार तोच दाराआडून आईचा आवाज आला. “मियाच. ह्या खेपेक इसारलंय.”

आई विसरली! जिच्या पापडांची वाडीत शपथ घेत, ती सगळ्या गावासमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणाली की विसरले. माझ्या तोंडातली चव गेली. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. या हिशेबात आप्पाकाकांच्या खालचं नाव माझं आहे, आणि तेही मी पुसलेलं नाही.

दुपारी आईने पेटी अंगणात उन्हाला ठेवली. कपाटात पेटीखाली सापडलेलं फडकं आईच्या हातात होतं. तिने ते हुंगलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मार खायच्या तयारीने उभी राहिले.

“मीठ खंयचां घेतलंस? मडक्यातलां?”

“होय.”

“वरसाचां मीठ गो तां, बाये!” ती म्हणाली, आणि मग पदर तोंडावर घेऊन हसू लागली. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. “दमो… पेटीक दमो…” त्या हसण्याचाच खोकला झाला, खोकल्याची धाप झाली, आणि मी तिला भिंतीशी टेकवून बसवलं. बाहेरच्या, ऊन लागलेल्या भिंतीशी. इतकी हसलेली आई मी पुन्हा पाहिली नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्याची बेगमी तिच्याकडून काढून काकीकडे दिली गेली. त्या वर्षी तांदळाला जाळी धरली, पापड फडक्यासारखे वाकू लागले आणि आप्पाकाकांच्या काळ्या कोटाला कॉलरपासून बुरशी चढली. आई काही बोलली नाही. मी बोलले – मोठ्याने, जेवणाच्या पंगतीत – आणि मार खाल्ला. खोली मात्र बदलली नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “दादाक वायट वाटात.” दादाला वाईट वाटू नये म्हणून आई आणखी आठ पावसाळे त्या भिंतीशेजारी निजली. नववा तिने पुरा केला नाही. मी सतरा वर्षांची होते. भर दुपार होती, बाहेर उघडीप होती…

आप्पाकाका ऐंशी वर्षं जगले, कोरड्या खोलीत. त्यांच्या मागे घरात राहायला कुणी नव्हतं. चुलतभाऊ मुंबईला, बाबाही गेलेले. किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा मी पहिलं काम केलं ते गवंडी बोलावण्याचं. छिन्नी त्याच्या हातातून मागून घेतली आणि पहिला घाव मी घातला. दुसराही, दहावाही. गवंडी बाजूला उभा राहून बघत होता. “बाय, तुमी थकतल्यात,” तो म्हणाला. मी थकले नाही. सिमेंटचे पोपडे कोब्यावर पडत होते आणि आतली वाळू भुरभुरत होती, इतक्या वर्षांनीही ओली. मागे चिरा दिसू लागला, तांबडा, छिद्राछिद्रांचा.

ते चैत्रात झालं. वैशाख संपायच्या आत भिंत सुकली. खडखडीत, आतपर्यंत. गवंडी बोटाने ठोकून बघत म्हणाला, “एका उन्हाळ्याचां काम होतां ह्यां.” मी त्याला चहा दिला. आईला जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.