कोपऱ्यात कोरडं राह्यलं

बातमी आली तेव्हा मी हसले. तोंडाला पदरही लावला नाही, चांगली खळखळून हसले. सातवीचा वर्ग होता, मराठीचा तास. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते आणि मुख्याध्यापक सर दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, जरा बाहेर या. तुमच्या गावावरून फोन आहे. आई..." एवढं बोलून ते अडखळले. मी खडू खाली न ठेवताच म्हणाले, "सर, या वेळी मी काही फसायची नाही. आज सकाळी माझ्या हातानं सडा टाकून आले आहे!" मागची गोष्ट साऱ्या शाळेला ठाऊक होती, म्हणून पोरंही हसली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मी खडू खाली ठेवला.

माय गेल्याला महिना होऊन गेला. लोक म्हणतात, हळूहळू मन शांत होतं. माझं तर काही होऊन राहिलं नाही. चहा ठेवते आणि अंगणात जाते, अंगणात गेले की आत काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. आत काहीच विसरलेलं नसतं. लिहायला बसले म्हणजे निदान एका जागी बसणं होईल, म्हणून हे लिहिते आहे.

नागभीडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे. घर अगदी रस्त्यावर, पुढे मोठं अंगण, मागे धानाची शेती. माय याच अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा मी नागपुरात एका शिकवणीवर्गाच्या ऑफिसात काम करत होते. लग्न टिकलं नव्हतं, त्याबद्दल इथं लिहायचं नाही. ऑफिसला राजीनामा दिला आणि बॅग घेऊन मायजवळ आले. माझा भाऊ भद्रावतीला असतो, कॉलनीत क्वार्टर आहे. दादा आपला चांगल्या मनानं न्यायला आला होता. पण माय खाटेवरून त्याला म्हणते, "तुह्या कॉलनीत सडा कुठी टाकू? फरशीवर?" संपलं. दादा चहा पिऊन परत गेला.

मायचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. मी स्वयंपाक करायची, तिला आंघोळ घालायची, तेल लावून पाय चोळून द्यायची. आणि दुपारभर आम्ही दोघी एकमेकींवर खेकसायचो. मी तिच्यावर जीव टाकत होते आणि त्याच घरात माझा जीव गुदमरत होता, दोन्ही खरं आहे. तिला ते दिसत होतं. आंधळी होती का ती! एके दिवशी शेजारच्या विमलवहिनीनं सांगितलं, की नागभीडच्या शाळेत एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्या आहेत, त्यांच्या जागी तात्पुरतं कोणी पाहिजे. माझं बी.एड. झालेलं होतं, पण वर्गावर मी कधी उभी राहिले नव्हते. मी नाही म्हणाले. माय उठून बसली.

"काऊन नाई?"

"तुझ्याजवळ कोण राहील?"

"विमल हाये शेजारी. आन मी काय पाळण्यातली आहो? तू बिनधास्त जाय. मी आहो ना घरी, तुले कुलूप लावाचं बी काम नाई."

"आणि मी शाळेत असताना तुला काही झालं तर?"

"तं होईन! तू खाटेजवळ बसून राह्यली म्हून काय यम वापस जाईन? आन मी गेल्यावर काय करशीन तू? रिकाम्या खाटेजवळ बसशीन?"

या बोलण्यावर मी ताट आपटून आत निघून गेले होते. पण माझी भीती खरी होती. मी फळ्यासमोर असेन आणि इकडे माय एकटी जाईल. दुसरी कुठली भीती मला नव्हतीच.

शेवटी गेले. पहिल्या दिवशी सातवीनं माझी अशी काही दैना केली की विचारू नका. एकानं मागून मांजराचा आवाज काढला, तर दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं. "मॅडम, तुम्ही बदलीवाल्या ना? मंग खऱ्या मॅडम कधी येतीन?" असं तोंडावर विचारत होते. मी घरी येऊन रडले. माय शेंगा सोलत होती. तिनं वरही पाहिलं नाही. म्हणाली, "नवी गाय आणली तं आठ दिवस पान्हा चोरते. पोट्टे बी तसेच. तू रोज त्याच टायमाले, तेच लुगडं नेसल्यासारखी जाय. येतेत वळणावर." आणि मग मला समोर बसवून विचारलं, काय शिकवलं ते सांग. रोज संध्याकाळी हे सुरू झालं. मी दिवसाचा धडा तिला सांगायचा आणि तिला कंटाळा आला की तिनं सरळ आडवं व्हायचं. ती आडवी झाली की मी समजायचे, उद्या हा भाग बदलावा लागेल. पोरं वळणावर आली ती अशी. याचं श्रेय माझं नाही.

आता सड्याचं सांगते. आमच्याकडे उजाडताच अंगणात शेणपाण्याचा सडा पडतो. घरात माणूस गेलं की सुतकात तेवढा तो बंद असतो. त्यामुळे रस्त्यानं जाणारा माणूस अंगण पाहून ओळखतो, की या घरी सारं ठीक आहे. मायनं आयुष्यभर सडा टाकला, हाताच्या एका झटक्यात पंख्यासारखा, आणि कधी ओल्यात पाय पडला नाही. वॉकर आल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. ती ओसरीवरच्या खाटेवर बसून देखरेख करायची. माझा सडा तिच्या पसंतीला कधी उतरला नाही. "म्हैस धुतल्यावानी काऊन ओतून राह्यली?" म्हणायची. आणि बादली रिकामी होत आली की रोजचं ठरलेलं वाक्य, "त्या कोपऱ्यात कोरडं राह्यलं." कुंपणाजवळचा, जांबाच्या झाडाखालचा कोपरा. एखाद्या दिवशी मी मुद्दाम तिथूनच सुरुवात केली, तरी म्हणणार, कोपऱ्यात कोरडं राह्यलं!

मी बसमध्ये चढले की ही बाई वॉकर घेऊन अंगणात उतरायची. डॉक्टरांनी मनाई केली होती, मी शपथा घातल्या होत्या. संध्याकाळी आले की वाळलेल्या सड्यात वॉकरचे चार-चार गोल ठसे, थेट त्या कोपऱ्यापर्यंत गेलेले.

"माय, हे ठसे कशाचे?"

"विमलची बकरी आली होती."

"बकरीनं रबरी बूट घातले होते का?"

"आजकालच्या बकऱ्याईचं काई सांगता येत नाई बाई."

शाळेत स्नेहसंमेलन होतं, त्या दिवशी मला पहाटेच्या बसनं जावं लागलं. घाईत सडा राहून गेला. त्याच आठवड्यात शिवारात वाघ फिरत होता, म्हणून मी निघताना मायला दार आतून लावून घ्यायला सांगितलं. ती दार लावून पुन्हा झोपली. विमलवहिनीही लवकरच शेतावर गेलेली. गावातले एक म्हातारबा सायकलनं रस्त्यानं निघाले, त्यांनी पाहिलं, कौसाबाईचं अंगण कोरडं, दार बंद. त्यांनी हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. सरळ चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलं, "कौसाबाई गेली वाटते." टपरीवरून ते बसच्या कंडक्टरपर्यंत गेलं आणि कंडक्टरनं नागभीडला आणलं. मी पोरींच्या वेण्यांना गजरे लावत होते, तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं आणि स्वतःच्या गाडीवर घरी पाठवलं. रस्ताभर मी काय बडबडत होते, ते मलाही आठवत नाही.

घरी पोचले तर अंगणात ही गर्दी! कोणी तर हिरवे बांबूही तोडून आणलेले. आणि गर्दीच्या आवाजानं जागी झालेली माय दार उघडून, वॉकर टेकत ओसरीवर आलेली. इतकी माणसं आणि बांबू पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "कोन गेलं रे बाप्पा? थांबा, मी बी येतो मातीले."

शेतावरून धावत आलेली विमलवहिनी जी हसत सुटली, ती खालीच बसली. मी मात्र मायच्या गळ्यात पडून ओरडून रडले. तिला कारण कळल्यावर आधी तिनं म्हातारबांची अशी खरडपट्टी काढली की ते सायकल तिथंच ठेवून पळाले. मग सगळ्यांना चहा पाजला. बांबू तिनं परत नेऊ दिले नाहीत, वालाचा मांडव घालून घेतला. आणि मला बजावलं, "आता सडा टाकल्याशिवाय घरातून पाय काढाचा नाई. लोकाईले बांबू तोडाचं काम पडते."

म्हणून मी हसले होते. कळलं ना? त्या दिवशी मी सडा टाकला होता. तिनं खाटेवरून पाहिला होता, नावंही ठेवली होती. "कोपऱ्यात कोरडं राह्यलं" म्हणाली होती आणि मी बस आली, बस आली म्हणत पळाले होते. सडा ओला असताना माय जाईलच कशी?

गेली. ओसरीवरच्या खाटेवर बसलेली होती, पाठ भिंतीला, हात वॉकरवर. विमलवहिनी ताक घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, डुलकी लागली. मी पोचले तेव्हा अंगणात पुन्हा तेवढीच माणसं होती, पण या वेळी दारातून कोणी बाहेर आलं नाही. मी रडायच्या आधी एक वेड्यासारखं काम केलं. खाली वाकून अंगणात वॉकरचे ठसे शोधले. ती त्या दिवशी उतरली होती का? कोपऱ्यापर्यंत जाऊन, पाहून, परत येऊन बसली होती का? की उठायला म्हणून वॉकर हातात घेतला आणि... पण ओल्या सड्यात इतके पाय उमटले होते, की काहीच कळेना. लोकांना वाटलं, मला चक्कर आली. कोणीतरी मागच्या वालाच्या मांडवाचे बांबू काढायला गेलं, तेव्हा मात्र मी ओरडले. त्यांना हात लावू दिला नाही. त्यांच्यावर वेल चढला होता आणि फुलं आली होती.

माझी भीती होती तसंच झालं. मी फळ्यासमोर होते आणि ती एकटी गेली. दादा म्हणाला, तू तिचं खूप केलं. विमलवहिनी म्हणाली, सोन्यासारखं मरण आलं. बरोबर असेल. पण मला तिचा राग येतो, अजून येतो. मला शाळेत धाडून स्वतः निवांत निघून गेली! आणि रागाच्या मागोमाग कळतं, की मी घरी असते तर तिनं मला तरी कुठे सुखानं बसू दिलं असतं. हे दोन्ही दिवसभर माझ्या डोक्यात फेऱ्या मारतात आणि त्यांच्यामागे मी घरात.

तेरवी झाली. दादा आणि वहिनी भद्रावतीला परत गेले. सुतक फिटलं तरी मी सडा टाकला नाही. अंगणात धूळ उडायला लागली, जांबाची पानं पडून राहिली. विमलवहिनी रोज शेणाची पाटी कुंपणावर ठेवायची आणि रोज विचारायची, "काऊन नाई टाकत बाई? बरं नाई दिसत." मी पाटी तशीच राहू द्यायची. एकदा सडा पडला की गावाला दिसणार, या घरी सारं ठीक आहे. ठीक काय आहे? ते मला गावाला सांगायचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. त्या मॅडमनी रजा वाढवली होती. सर म्हणाले, "मॅडम, आम्ही थांबलो. पण सोमवारी तुम्ही आला नाहीत, तर दुसरं कोणी पाहावं लागेल. पोरं विचारतात हो." मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. मग खाटेकडे पाहिलं. रिकामी खाट आणि तिच्याजवळ बसलेली मी. मी ताट आपटलं त्या दिवशी मायनं सांगितलं होतं, अगदी तसंच. मला तिथून उठावंच लागलं.

सोमवारी उजाडताना बादलीत शेण कालवलं. हात विसरला नव्हता, पण घाबरला होता. दारापासून सुरुवात केली, तुळशीभोवती टाकलं, रस्त्याच्या बाजूला टाकलं. म्हैस धुतल्यासारखाच पडला, काय करणार! बादली रिकामी होत आली आणि मी ओसरीकडे पाठ करून तशीच उभी राहिले. आपोआप थांबले. वाक्याची वाट पाहत... रस्त्यावरून ते सायकलवाले म्हातारबा चालले होते. त्यांनी अंगण पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेले. मागून काही आवाज आला नाही. मग मीच वळून पाहिलं. कोपऱ्यात खरंच कोरडं राहिलं होतं. बुडाशी उरलेलं पाणी तिथं टाकलं, हात धुतले, पिशवी घेतली, आणि बसचा हॉर्न ऐकून धावले.

खिडकीशी जागा मिळाली. गाडी वळणावर आली, गावचं तळं मागं पडलं, आणि एकदम आठवलं, घराला कुलूप लावायचं राहिलं. घरात कुलूप आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं.