दाराला बाहेरून कुलूप

मुलगी झाली तेव्हा मी बर्डीच्या बाजारातल्या टायपिंगच्या दुकानातली नोकरी सोडली आणि एक जुनी मशीन घेऊन घरीच काम सुरू केलं. घरबसल्या काम म्हणजे किती छान, असं ज्याला त्याला वाटे. छान होतंच, नाही कशाला म्हणू? पोर डोळ्यांसमोर पाळण्यात, वरण स्टोव्हवर, आणि बससाठी उन्हात उभं राहायची झंझट नाही. पण हे सुख पहिल्या आठवड्यापुरतंच टिकलं.

एका कॉलेजातले सर कापसावरच्या किडींवर प्रबंध लिहीत होते. दर रविवारी हाताने लिहिलेलं एक प्रकरण आणून द्यायचे, टाइप झालेलं तपासायचे. काम पसंत पडलं तर माझ्या गाईडचे बाकीचे विद्यार्थीही तुमच्याकडेच पाठवतो, म्हणाले होते. मला तेच हवं होतं. नोकरी सुटली तरी मी टायपिस्टच आहे, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला स्वतःला पटायला हवं होतं.

त्यात मे महिना. पंखा लावला तर कागद उडतात, कूलर लावला तर ओलीने लुळे पडतात. दोन्ही बंद करून, मानेवर ओला पंचा टाकून मी कार्बन लावून चार प्रती काढायची. एक अक्षर चुकलं की चारही प्रती खोडत बसा. नेमकी तेव्हाच दाराची कडी वाजायची. शेजारच्या काकू.

“तू घरीच तर राहतं वं. कुरडया टाकल्या बाजेवर, जरा ध्यान ठेवजो. मी बर्डीवर जाऊन येतो.”

“काकू, मी काम करून राहिले.”

“कर ना मग. तुले उठ कोण म्हणते? नुसतं पाहाचं.”

नुसतं पाहायचं म्हणे! गाय आली की उठा, कावळा बसला की उठा. हळूहळू समोरच्यांच्या मुंगवड्याही माझ्याच खिडकीसमोर वाळायला आल्या. कोणाच्या घराची किल्ली माझ्याकडे, कोणाचं सिलिंडर माझ्याकडे. एकदा मी हट्टाने उठले नाही, तर गाईने अर्धी बाज साफ केली. काकूंनी अबोला धरला. त्या अबोल्यात माझं अख्खं प्रकरण टाइप झालं, इतकी मजा आली.

अबोला संपला आणि पुन्हा तेच. माझा दिमागच खराब झाला. शेवटी नवऱ्याला म्हटलं, वाडीच्या गोदामात कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जात जा. मागचं दार होतंच.

“लोक काय म्हणतील?” तो हसला.

“म्हणू दे.”

मशीन मागच्या खोलीत नेली, खाली गोधडी घातली. दाराशी पावलं वाजली की हात थांबवायचा, श्वास धरायचा. माणूस गेला की पुन्हा सुरू. काय काम उरकलं त्या आठवड्यात! मधे एकदा दाराशी बराच वेळ पावलं वाजत राहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकूच असतील म्हणून मी ढिम्म हलले नाही.

रविवारी सर आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले, ते झालेली प्रकरणं परत न्यायला. गाईडने घाई केली म्हणून शेवटचं प्रकरण घेऊन ते आठवड्याच्या मधेच दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा कुलूप. मग ते प्रकरण त्यांनी बर्डीच्या दुकानात दिलं. माझ्याच जुन्या दुकानात. बाकीचे विद्यार्थीही आता तिकडेच जाणार होते.

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो सर, मी आतच होते. शेजारी विचारायचं तरी.”

“विचारलं ना, त्या काकूंना,” सर म्हणाले. “त्या म्हणाल्या, ‘तिले आता कुठं फुरसत जी? ती कामाले जाते.’”