ब्रेडा आंटीच्या वहीतलं नाव

हे मी अजून कुणापुढे उघड केलेलं नाही. शीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत नाही. पप्पांना तर नाहीच. प्रार्थनेत मन मोकळं करावं असं लहानपणापासून शिकवलंय, पण तिथेही या गोष्टीपाशी आलो की मी भलतंच काहीतरी मागायला लागतो. मुलीची परीक्षा. पप्पांचे गुडघे. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी मी कोण ते सांगतो. मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकलो, मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहिलो. पप्पा त्याच शाळेत शिपाई. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पुस्तकं कुणीतरी दिली, कॉलेजच्या पहिल्या दिवशी घातलेली पँटसुद्धा कुणाची तरी होती. ही तक्रार नाही. त्या सगळ्यांची नावं मला आजही पाठ आहेत. बोर्डिंगमध्ये वर्षातून एकदा परदेशी पाहुणे यायचे. आम्हाला ओळीत उभं करायचे. पाहुणे विचारायचे, रोज प्रार्थना करता का? आम्ही म्हणायचो, हो. जेवण आवडतं का? हो. प्रश्न संपायच्या आत विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखायचं — हे मला गणिताच्या आधी जमायला लागलं.

पण त्या 'हो'ने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढच्या गोष्टीची सबब म्हणून मी ते वापरणार नाही.

आयर्लंडमधल्या मलिंगारला नोकरी लागली तेव्हा मी एकटाच आलो. इथले बहुतेक मराठी लोक डब्लिनकडे, स्वोर्ड्सला. ते प्रेमाने गणपतीला बोलवायचे, मी जायचोही. पण रविवार आला की आत काहीतरी रिकामं वाटायचं. मग एक मंडळी, म्हणजे चर्च, सापडली. इव्हँजेलिकल, म्हणजे फक्त बायबलला धरून चालणारी, साधी, चाळीसेक माणसं. भाड्याने घेतलेल्या प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये उपासना व्हायची. पास्टर कॉलिन पहिल्याच आठवड्यात घरी आला आणि अंगातला जाड कोट काढून मला देऊन गेला. घर त्यानेच शोधून दिलं. शीला आणि मुलगी आल्या तेव्हा विमानतळावर माझ्याबरोबर तोच होता. चांगला माणूस आहे. हे लिहिताना तो वाईट ठरायला नको, कारण वाईट तो वागलेलाच नाही.

शनिवारी सकाळी त्याच हॉलमध्ये आमची मंडळी नव्याने आलेल्या लोकांसाठी चहा आणि इंग्रजी बोलण्याचा सराव ठेवायची. तिथे मला ब्रेडा भेटली. सत्तरीची, विधवा, मूलबाळ नाही, घर हॉलच्या बरोबर समोर. मी तिला मॅम म्हणालो तर म्हणाली, मी काय राणी आहे का? नुसतं ब्रेडा माझ्या तोंडातून निघेना. शेवटी ब्रेडा आंटी ठरलं. सगळ्यांना चहा ओतायची आणि स्वतः गरम पाणी प्यायची. आयर्लंडमध्ये चहा न पिणारी म्हातारी! लोक चिडवायचे. ती सांगून टाकायची की ती लॅटर-डे सेंट आहे, लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ती, आणि त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. तिने काहीच लपवलेलं नव्हतं. ऐन विशीत तिने त्यांचा बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून तिची सख्खी बहीण तिच्याशी बोलत नाही, हेही ती कप विसळता विसळता सांगायची. आठवड्यात तिच्याशी बोलायला माणूस असा शनिवारीच भेटायचा. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

एकदा बोलता बोलता मी तिला पप्पांची गोष्ट सांगितली. त्यांच्या आजीने, माझ्या पणजीने, मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. थडग्यावर नाव मार्था. पण त्याआधी तिचं नाव काय होतं? आमच्यात कुणालाच माहीत नाही, आणि गावातले जुने नातेवाईक सांगायला तयार नाहीत. पप्पांना हे म्हातारपणी फार लागायला लागलं होतं. म्हणायचे, मी मेल्यावर तिला भेटेन तर हाक काय मारू?

मी आंटीला विचारलं, तुमचे लोक जुन्या नोंदी शोधतात म्हणे, माझ्यासाठी बघाल का?

मी विचारलं. तिने नाही.

जुन्या मिशनच्या रजिस्टरांचे फोटो तिने कुठूनतरी मिळवले. पण ते मराठीत, आणि तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग तिने माझ्याकडून एका कार्डावर गावाचं नाव जाड पेनाने लिहून घेतलं. ते कार्ड समोर ठेवून ती रोज पानं बघायची. वाचायची नाही — आकार जुळवायची. जिथे तसा आकार दिसेल त्या पानाचा आकडा वहीत लिहून ठेवायची, आणि शनिवारी हॉल आवरला की मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तेवढी पानं वाचायचो. जवळजवळ सगळा हिवाळा असा गेला. आणि एका शनिवारी सापडलं. 'कोंडाबाई, वय अंदाजे तीस. नवे नाव मार्था.' मी तिथूनच पप्पांना फोन लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. आंटीला न विचारताच सगळं कळलं, ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

नंतर तिने ते नाव वहीत उतरवलं. इंग्रजीत, आणि खाली आमच्या अक्षरांत, चित्र काढावं तसं. मग म्हणाली, तुला माहीत असायला हवं, आम्ही आमच्या गेलेल्या माणसांच्या नावाने देवळात बाप्तिस्मा घेतो. "पण ही तुझी माणसं आहेत. तुझ्या शब्दाशिवाय मी त्यांना हात लावणार नाही." मी म्हणालो, नको. ती म्हणाली, ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे. आणि मला केक दिला. विषय संपला.

आभार म्हणून मी एका रविवारी तिच्याबरोबर त्यांच्या उपासनेला गेलो. तिने गाडी चालवणं सोडलं होतं, माझ्याच गाडीने गेलो. त्यांच्या चॅपलमध्ये क्रूस नव्हता. प्रभुभोजनाला द्राक्षरसाऐवजी पाणी. मी ताट पुढे सरकवलं, घेतलं नाही. पगारी पास्टर नाही, त्या दिवशी एक शेतकरी उठून धीराबद्दल बोलला, बराचसा त्याच्या गाईंबद्दलच. पोरं रांगत होती. एक गाणं तर आमच्या गावच्या चर्चमध्ये मराठीत म्हणतो तेच निघालं. मी ओठांतल्या ओठांत मराठीत म्हटलं.

आमच्या मंडळीतल्या कुणीतरी माझी गाडी तिथे पाहिली.

त्याच सुमारास कॉलिन खोट्या शिकवणींवरच्या एका शिबिराला जाऊन आला होता. एका रविवारी उपासनेनंतर त्याने वडीलमंडळींना थांबायला सांगितलं आणि मलाही. वडीलमंडळी म्हणजे मंडळीचं बघणारे पाच जण. सहावा कुणाला घ्यायचं याची चर्चा चालू होती, आणि माझं नाव पुढे आहे हे मला कळलं होतं. बाहेरून आलेला पहिलाच माणूस ठरलो असतो. आम्ही पहिलीच्या वर्गात बसलो, त्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी. कॉलिनने शांतपणे मांडलं. मॉर्मन लोक येशूचं नाव घेतात, पण त्यांचा येशू आणि आपला येशू एक नाही. त्यांनी शास्त्राला आणखी ग्रंथ जोडलेत. तारण केवळ देवाच्या कृपेने होतं, हे त्यांना पुरत नाही. देव बाप एके काळी माणसासारखा होता असं ते मानतात. आणि मेलेल्यांना बाप्तिस्मा देतात. मग म्हणाला, "फार गोड माणसं आहेत ती. धोका तिथेच आहे." नवखे लोक चहाला येतात, इंग्रजी शिकवता शिकवता त्यांना कुठे नेलं जाईल? त्याला खरंच काळजी होती. या शिकवणीबद्दल मी आजही त्याच्याच बाजूचा आहे, आंटीशीही मी यावर वाद घातला होता. प्रश्न तो नव्हताच.

आमच्या गावात लहानपणी लोक आमच्याबद्दल असंच बोलायचे. यांचा देव वेगळा. गोड बोलून बाटवतात. त्यांच्याकडे पाणी पिऊ नका. ते मला त्या खुर्चीवर आठवलं का? आठवलं. तरीही.

मला विचारलं, तू तिथे गेला होतास का? मी म्हणालो, बघायला गेलो होतो. क्रूस नाही हे सांगितलं. पाणी सांगितलं. कुणीतरी उसासा सोडला. शेतकऱ्याचं सांगितलं नाही, गाण्याचं सांगितलं नाही. मग वाटलं, अजून काहीतरी हवंय त्यांना — किंवा मलाच भीती वाटली, गाडी तिथे दिसल्याचं अजून पुरतं फिटलेलं नाही. म्हणालो, माझ्या पणजीचं नाव तिच्या वहीत आहे. हे खरंच होतं की नाही? कॉलिन पुढे झुकला. विचारलं, तिने तुझ्याकडे तुझ्या मेलेल्यांची नावं मागितली?

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

हो म्हणालो.

तुम्हाला वाटेल, कबुलीजबाब हाच. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं. पण हे अर्धंच आहे.

दोन दिवसांनी कॉलिन तिच्या घरी गेला आणि शनिवारी येऊ नका असं नम्रपणे सांगून आला. त्या शनिवारी ती तरीही आली, पण कोट न काढता. चहाच्या कपांचं कपाट — इथे त्याला प्रेस म्हणतात — त्याची किल्ली तिच्याकडे असायची, ती द्यायला. हॉलमध्ये मी एकटाच खुर्च्या लावत होतो. मी मनात बचाव तयार करून ठेवला होता. ती खडसावेल, मी मान खाली घालेन, असं काहीतरी.

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "कॉलिन म्हणतो, मी तुझ्याकडे नावं मागितली. मी चार दिवस आठवून बघतेय, रे. मला आठवत नाही. पण मी हल्ली बरंच विसरते, डॉक्टरही म्हणाला. मागितली होती का मी?"

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. सबंध हिवाळा न कळणाऱ्या अक्षरांचे आकार लक्षात ठेवणारी बाई, स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास माझ्या एका शब्दापायी सोडायला तयार होती — कारण तिच्या मते मी खोटं बोलणाऱ्यातला नव्हतो.

एवढंच म्हणायचं होतं, नाही आंटी, मीच विचारलं होतं. चार-पाच शब्द. हॉलमध्ये तिसरं कुणी नव्हतं.

मी काहीच बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचा तिने तिच्या परीने अर्थ लावला. डोळे भरले तिचे. म्हणाली, तुझ्या माणसांच्या बाबतीत मी असं केलं असेल तर मला माफ कर.

आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "इट्स ग्रँड, आंटी. जाऊ द्या."

मी तिला माफ केलं.

तिने पर्समधून वही काढली आणि ते पान फाडून माझ्याकडे दिलं. नाव माझ्याकडे राहिलं म्हणून काळजी करू नकोस, म्हणाली. पानाच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ होती, कोंडाबाईच्या नावाचा आकार जुळवत तिने नंतर एकटीनेच शोधून उतरवलेली. अक्षरं वेडीवाकडी, पण वाचता आली. कोंडाबाईच्या आईचं नाव होतं — सखू.

पुढे मी वडीलमंडळीत गेलो. अजून आहे. पोर्टलीशच्या एका मंडळीत कॉलिनने मला साक्ष द्यायला नेलं, मग अजून एकीकडे. मॉर्मन लोक जवळ कसे येतात, यावर. मी ती साक्ष चार वेळा दिली आहे, आणि दर वेळी मला ती जास्त चांगली जमली. चौथ्या वेळी तर नावं मागतानाचं तिचं बोलणंही मी सांगितलं, अगदी तिच्या आवाजात. लोक हसले.

पप्पांनी थडग्याचा दगड बदलून घेतला. आता त्यावर दोन्ही नावं आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात, पोराने परदेशातून शोधून काढलं. फोनवर कधी कधी विचारतात, त्या बाई कशा आहेत? मी सांगतो, बऱ्या आहेत.

बऱ्या म्हणजे — समोरच राहते. शनिवारी सकाळी हॉल मी उघडतो. प्रेसची किल्ली माझ्याकडेच आहे. कप मांडताना समोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ती दिसते, हातात गरम पाण्याचा मग. मी दिसलो की हात करते.

मीही करतो.