गुणाजी फिटर आणि मस्कतची मोटार

आमचे हे, म्हणजे गुणाजी, मिलमध्ये साचेखात्यात, मागांवर फिटर होते. संप झाला, मिल बंद पडली, तरी अंगातला फिटर काही उतरला नाही. कुणाच्या घरी गेले की यजमानांची विचारपूस नंतर, आधी दाराची बिजागरी हलवून बघणार. वर तोंडाने विचारणार, "कोणी बसवलीय ही? हात मोडायला हवेत त्याचे." बसवणारा बहुतेक वेळा समोरच उभा असतो. संपानंतरच्या तीन वर्षांत यांनी चार नोकऱ्या मिळवल्या आणि चारही या जिभेने घालवल्या.

म्हणून पंच्याऐंशी साली विद्याधरसाहेबांनी यांना बोलावलं तेव्हा मला देवच पावला. विद्याधरसाहेब बोरीवलीत आमच्या चाळीसमोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि एका कारखान्यात ऑफिसर. त्यांच्या भावाने मस्कतहून रिमोटवर चालणारी जपानी मोटार पाठवली होती. बेचाळीस वर्षांच्या माणसाला खेळायला काहीतरी हवंच. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कंपाउंडमध्ये मांडलेल्या कुंड्यांमधून ती पळवून दाखवायची होती, आणि बघायला कारखान्याचे मोठे साहेब येणार होते. अडचण एवढीच, की वळण आलं की मोटार उलटी पडायची आणि चारही चाकं वर करून भिरभिरत राहायची. "ही नीट वळवून द्या, कारखान्याच्या मेन्टेनन्समध्ये तुमची जागा पक्की," असा शब्द त्यांनी दिला.

आठ दिवस आमच्या खोलीत त्या मोटारीचा थाट जावयासारखा होता. पाटावर मोटार आणि आमची ताटं मोरीपाशी. यांनी निदान केलं, की स्प्रिंगा नको तितक्या कडक आहेत. गुळगुळीत फरशीवर ते खपतं, पण कंपाउंडच्या जमिनीवर खडा लागला की चाक उडतं, आणि उडालेल्या चाकावर मोटार वळणार कशी? मग स्प्रिंगांवरच्या कड्या सैल झाल्या. शॉकअपमधलं जाड तेल गेलं आणि माझ्या शिलाई मशीनचं पातळ तेल आलं. मला न विचारता, हे सांगायला नकोच. शेवटी मोटार गल्लीतल्या खड्ड्यांतून अशी वळली, की मी तव्यावरची भाकरी विसरले. जराशी झुकायची, चारही चाकांनी जमीन धरून ठेवायची आणि निघून जायची.

सव्वीस तारखेला निघताना मी बजावलं, "आज कायव झाला तरी गप रवशात मां?"

"रवतलंय गो," हे म्हणाले.

झेंडावंदन झालं, मोठे साहेब खुर्चीत बसले. विद्याधरसाहेबांनी बाजूला एक फेरी मारून पाहिली आणि नाक मुरडलं. "झुकते कशी ही? परदेशी गाडी ताठ दिसली पाहिजे." मग त्यांनी स्वतःच्या शुभहस्ते चारही कड्या आवळल्या. हे शेजारी उभे राहून बघत होते. बोटं चुळबुळत होती, तोंड मात्र बंद. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलले.

पहिल्याच कुंडीपाशी मोटार उडाली आणि मोठ्या साहेबांच्या बुटासमोर उताणी पडली.

"कोणाचं काम हे?" साहेबांनी विचारलं.

विद्याधरसाहेबांनी बोट दाखवलं. "हा फिटर. मिलमधला आहे म्हणून विश्वासाने दिलं होतं."

सगळे यांच्याकडे बघायला लागले. आणि आमचे हे, ज्यांनी लग्नानंतर पहिल्याच भेटीत सासऱ्यांच्या पंख्याला नावं ठेवली होती, ते मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, साहेब. पुन्हा नीट करून देतो."

मला हवं होतं तेच झालं होतं. नोकरी अजून वाचण्यासारखी होती. पण ती खाली गेलेली मान मला बघवेना. संपाच्या उपाशी दिवसांतही ती कधी खाली गेली नव्हती.

"खोटं बोलतायत हे," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. "ह्यांनी स्प्रिंगा सैल केल्या होत्या. आवळल्या तुमच्या ऑफिसरांनी, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. पुन्हा सैल करून बघा. नाही वळली तर विमला नाव लावणार नाही."

हे तिथेच उकिडवे बसले आणि कड्या सोडल्या. मोटार सगळ्या कुंड्यांना वळसे घालून, एकदाही न उडता परत आली. टाळ्या पडल्या. साहेबांनी विद्याधरसाहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जपानी माल तो जपानीच."

नोकरीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. घरी येताना मी रडत होते, स्वतःलाच शिव्या देत होते. हे चाळीच्या जिन्यापाशी थांबले. मग म्हणाले, "माका वाटला होता, माझ्या कामातला तुका कायच कळना नाय."