धुतलेल्या गाडीचा फिल्टर

आमची गाडी महाड तालुक्यातली सगळ्यात स्वच्छ गाडी होती. बाहेरून.

एवढं एक वाक्य कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, कारण मी मुळात बोलणारा माणूस नाही. महाडच्या कोर्टात मी लिपिक आहे. साक्षीदाराला 'खरं सांगेन, खोटं सांगणार नाही' अशी शपथ द्यायचं काम माझ्याकडे. (शपथ घेणाऱ्याला लागू असते, देणाऱ्याला नाही. मी नीट वाचून पाहिलंय.) घरात मला घुम्या म्हणतात आणि बाहेर विचारी म्हणतात. अर्थ एकच, हा काही सांगत नाही.

गाडी मूळची दाजींची, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांची. ठाण्यात त्यांनी नवी मोठी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला वापरायला दिली. कागद मात्र त्यांच्याच नावावर ठेवले. किल्ली देताना त्यांचे डोळे पाणावले होते. ताईच्या पाठवणीला आमचे वडीलसुद्धा इतके हलले नव्हते!

"अरुण, हिला दर वर्षी सर्व्हिसिंग कर. आमचा गॅरेजवाला नवा ऑइल फिल्टर बसवला की त्याच्यावर पिवळ्या रंगाने स्वस्तिक काढायचा. इतक्या मायेने ठेवलीय मी ही गाडी. कळलं ना?"

मी मान हलवली. ऑइल फिल्टर गाडीत असतो की गाडीखाली, हे मला ठाऊक नव्हतं. पण मान हलवणं मला फार लवकर येतं.

आता तुम्हीच सांगा. 'सर्व्हिसिंग कर' म्हणून सांगितलेला माणूस हायवेला लागतो आणि समोर हातभर अक्षरांत बोर्ड दिसतो, 'सर्व्हिसिंग सेंटर'. त्याने काय करावं? मी गाडी आत घातली. त्यांनी ती रॅम्पवर चढवली, पाण्याचा फवारा मारला, फेसात बुडवली, पोटाखालून धुतली, डॅशबोर्डला पॉलिश केलं आणि शेवटी एसीच्या जाळीत एक उदबत्ती खोचून दिली. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कांदाभजी खाल्ली. सगळ्या महाडात कोणी मला काही विचारत नाही अशी ती एकच जागा होती. मला सर्व्हिसिंग आवडायला लागली!

ठाण्याहून फोन यायचा. "सर्व्हिसिंग केलीस?"

"केली."

"नीट?"

"चकचकीत!"

यात एक शब्दही खोटा नव्हता.

मग एके दुपारी कोर्टाच्या कँटीनमध्ये एक वकील दुसऱ्याला म्हणाले, "ऑइल वेळेवर बदललं नाही तर इंजिन संपलंच म्हणून समजा." माझा चहा घशात अडकला. ऑइल बदलतात? गोडेतेल घरात असतं तसं ते गाडीत कायमचं असतं, अशी माझी समजूत! (गोडेतेलही संपतं, हे बायकोने नंतर लक्षात आणून दिलं.) त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. पण या वर्षाचं सांगितलं की गेल्या वर्षाचं निघणार, गेल्याचं निघालं की त्याच्या आधीचं! तेव्हा मी माझ्या परीने प्रायश्चित्त घेतलं. गाडी वर्षातून दोनदा धुवायला लागलो.

तेवढ्यात सुजाता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, गाडी शिकली.

ती शिवथरच्या खोऱ्यात शाळेवर शिक्षिका. एसटी आली तर वेळेच्या आधी, नाही तर येतच नाही. गाडी हातात आली आणि बाईंचा जन्म बदलला. संध्याकाळी अंगणात गाडी लावताना ती चक्क गाणं गुणगुणायची! इतकी खूश मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. (लग्नात तर मुळीच नाही.) आणि एका संध्याकाळी ती म्हणाली,

"अहो, डॅशबोर्डवर अधूनमधून एक लाल किटली पेटते. कसली हो ती?"

मी विचारी चेहरा केला. "थंडीची. इंजिन गरम करायला घेतलंय, असं सांगते."

"मार्च महिन्यात?"

"दरीत थंडीच असते."

तिने विश्वास ठेवला. मी दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन आणली.

मे महिन्यात ताई आणि दाजी आले. पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं ठरलं. सुजाता म्हणाली, "गाडी मी चालवते." दाजी पुढे बसले, ताई आणि मी मागे. घाटाची पहिली वळणं सुरू झाली आणि बॉनेटखालून आवाज यायला लागला. आधी टिक टिक, मग टक टक, मग तर आत कोणी ताशाच बडवतंय असा! लाल किटली पेटली ती विझेचना.

"थांब! थांबव गाडी!" दाजी ओरडले. "ऑइलचा दिवा लागलाय!"

"ऑइलचा?" सुजाता म्हणाली आणि तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे पाहत होतो. (दरी सुंदर होती.)

एका टेम्पोने आम्हाला ओढत पोलादपूरला आणून सोडलं. तिथले यशवंत मिस्त्री कारागीर कमी आणि वक्ते जास्त. गॅरेजच्या दारात चहा पिणारे श्रोते कायम हजर. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण फिरवलं, आत बोट घातलं आणि ते बोट सभेला दाखवलं.

"ह्यात त्याल नाय हाय! ह्यात काकवी हाय! ती पन करपल्याली!"

श्रोत्यांत हळहळ पसरली.

"गाडी कोन चालवतं?"

"मी," सुजाता म्हणाली.

"मंग बराबर! बाईमानूस क्लचवर पाय ठेवून बसतं. मंग इंजान तापतं, त्याल जळतं, काकवी व्हते!"

दाजींनी मान डोलावली. ताई म्हणाली, "मी म्हणत होते, घाटात अरुणला चालवू दे." आणि मग दाजी अगदी प्रेमाने म्हणाले, "सुजाता, राग मानू नकोस हं. दुरुस्त झाली की मी ही ठाण्याला घेऊन जातो. तुझ्या हाताला ती झेपत नाही. तू आपली एसटीने जा."

सुजाताने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. माझ्या घशाशी सगळं आलं होतं, पण तिथून पुढे यायची त्याला सवय नव्हती.

"दावतोच तुमाला," असं म्हणून मिस्त्रींनी खालून एक डबा सोडवून काढला. नारळाएवढा, काळाकुट्ट. माझी आणि ऑइल फिल्टरची ती पहिली भेट! त्यांनी तो पकडीत आवळला, करवतीने गोल कापला आणि आतलं भेंडोळं वर्तमानपत्रावर ठेवलं. साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घातलेला कागद, आणि प्रत्येक घडीत डांबरासारखा गाळ. आम्ही सगळे पोस्टमॉर्टेमला उभं राहावं तसे ओणवे झालो.

"ही गाळनी. ही चोंदली का त्याल बाजूच्या वाटंनी जातं, घानीसकट. मंग इंजानभर ह्योच चिखोल. आनि ही चमक बगा." त्यांनी गाळ बोटावर चोळला. त्यात बारीक चंदेरी कण होते. "ह्ये तुमचं इंजान. झिजून झिजून हितं आलंय."

सगळे गाळ बघत होते तेव्हा सुजाताने डब्याचं रिकामं टरफल उचललं आणि चिंधीने पुसायला लागली. शाळेतल्या पाट्या पुसायची सवय, दुसरं काय! काळं निघालं आणि खालून एक पिवळी रेघ दिसली. मग दुसरी. पुसता पुसता अख्खं स्वस्तिक उमटलं.

दाजींनी चष्मा लावला. "अरे, हा तर आमच्या ठाण्याच्या गॅरेजवाल्याचा फिल्टर!"

"म्हणजे गाडी तुमच्याकडे होती तेव्हाचा," सुजाता तिसरीच्या वर्गाला समजावते त्या आवाजात म्हणाली. "त्यानंतर बदललाच नाही. तेव्हा क्लच कुठल्या पायाखाली असतो, हेही मला माहीत नव्हतं, दाजी."

"तरी मी म्हनलंच!" मिस्त्री तत्काळ फिरले. "ह्ये बाईमानसाचं काम नाय!"

दाजी सावकाश माझ्याकडे वळले. "अरुण, तू तर दर वर्षी सर्व्हिसिंग केलीस ना?"

चहाचे पेले ओठांपाशी थांबले. सेंटरवाल्याने फसवलं, असं म्हणून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण सुजाताच्या मुठीतली किल्ली दिसली.

"केली," मी म्हणालो. "धुऊन."

"काय?"

"धुऊन आणली. फेसाने. पोटाखालूनसुद्धा."

आणि मग बूच निघालं! कँटीनमधला चहा सांगितला, वर्षातून दोनदा धुतलेलं सांगितलं, उदबत्ती सांगितली, भजी सांगितली. थांबताच येईना! ताईच्या लग्नात श्रीखंडाचं पातेलं मीच लवंडलं होतं, हेसुद्धा सांगून टाकलं.

"तो तू होतास?" ताई किंचाळली. "मी आजवर आचाऱ्याला शिव्या घालतेय!"

यशवंत मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर तेलकट हात ठेवला. "सायेब, तुमी तिला आंगोळ घातलीत. जेवान कदी घातलं नाय!"

सगळं गॅरेज हसलं. दाजीसुद्धा हसले. हसली नाही ती सुजाता. "किटली," ती एवढंच म्हणाली. "दरीत थंडीच असते." महाडला परतताना एसटीत ती ताईशेजारी बसली आणि मी उभा होतो. (माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तरी उभा होतो.)

इंजिन उघडलं, साफ झालं, वाचलं. दाजींनी खजील होऊन कागद सुजाताच्या नावावर केले. आता दर वर्षी ती स्वतः गाडी पोलादपूरला नेते आणि जुना फिल्टर डोळ्यांसमोर कापून घेते. त्या संध्याकाळी घरी आली की मला ओटीवर बसवते.

"आता तुमची सर्व्हिसिंग. काढा."

मग मी वर्षभराचं काढतो. यंदा सांगितलं की तिच्या आईने पाठवलेलं लोणचं मी कोर्टात वाटून टाकतो. शाळेच्या गॅदरिंगला मी झोपलो होतो आणि टाळ्या ऐकून टाळ्या वाजवल्या. नवी साडी छान आहे म्हणालो तेव्हा ती कोणती, हे मी पाहिलंच नव्हतं. मोकळं, हलकं वाटलं. चकचकीत!

तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मुलांच्या वह्या बाजूला सारल्या आणि म्हणाली,

"हे झालं वरचं तेल. आता फिल्टर काढा."