गजाननले पुण्याले येऊ दिलं नाही

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही — बायकोलेही नाही, अन् तिले तर माह्या चपलेचं मापही पाठ हाय. तुम्हाले सांगतो, कारण तुम्ही गजाननले ओळखत नाही.

मी पुण्यात राहतो, विनोदी मालिकायचे संवाद लिहितो. लोक विचारतात, लिहिणारे सारे इथंच काऊन येऊन राहतात? मंग मी ऐटीत सांगतो — वातावरण! नाटकं, चहाचे कट्टे, चार शहाण्यायची संगत... थापा हो साऱ्या. काम देणारे इथं बसतात, म्हणून आम्ही इथं. अन् वातावरण? माहं वातावरण तिकडं माह्या गावी, धामणगाव बढेत, वांगे तोडून राह्यलं.

म्हणजे गजानन, माहा शाळेतला दोस्त. पोळ्याले तोरणाखाली बैलं उभे राह्यले का आमच्याकडं झडत्या म्हणतात — मोठमोठ्यायची खिल्ली उडवतात, अन् त्या दिवशी कोणी राग धरत नाही. गजाननची झडती ऐकाले शेजारच्या गावचे लोक येत. एकदा म्हणे, आपला ढेरपोट्या सरपंच रस्ता काऊन करत नाही? तो चालला का खचन, म्हणून! सरपंचच पोट धरून हसला. तोच सरपंच मी मालिकेत घातला. लोकायनं मले डोक्यावर घेतलं. मंग काय, दर रविवारी माहा त्याले फोन — काय नवीन बे? अन् तो भोळा बोलत राह्यचा.

चोरी सांगणं सोपं हो. खरं तर पुढंच हाय.

एक डाव त्यानं विचारलं, "मी येऊ का बे पुण्याले? जमन का मले?"

जमन का? अरे, तो आला असता तर मले कोणी विचारलं असतं? मी घाबरलो. म्हटलं, "नको येऊ. तुह्या बोलीले इथं हसतात, काम कोणी देत नाही."

त्याच बोलीवर माहं घर चालू होतं! अन् तो म्हणे, बरं झालं सांगितलं.

परवा त्याचा फोन आला, मोठ्या खुशीत होता. त्याची पोरगी लिहिते म्हणे, तिलेही पुण्याले यायचं हाय. "मी समजावलं तिले," तो म्हणे, "माह्या दोस्तानं मले वेळेवर वाचवलं, मी तुले वाचवतो. तर म्हणते कशी — बाबा, मंग तुमच्या दोस्ताले कोणी काऊन नाही वाचवलं?"

मी खो-खो हसलो. अन् फोन ठेवायच्या आधीच ते वाक्य लिहून घेतलं.